पडद्यावरचं पानिपत : खेळाडू हल्ला का करतात आणि हार का झोंबते



या मालिकेत आपण लढायांबद्दल बोलतो. लढाई म्हटलं की माणसं मरतात, गावं जळतात, पुढच्या दोन पिढ्या त्याची झळ सोसतात. आज मी ज्या लढाईबद्दल बोलणार आहे तिच्यात एकाही माणसाला ओरखडासुद्धा उठला नाही. तरीही ती एकवीस तास चालली, साडेसात हजारांवर माणसं तिच्यात उतरली आणि तिचं स्मारक आजही उभं आहे. मात्र ते पाहायला संगणक लावावा लागतो.

तारीख २७ जानेवारी २०१४. ठिकाण, बी-आर-५-आर-बी नावाची एक सूर्यमाला. ही सूर्यमाला ‘ईव्ह ऑनलाइन’ नावाच्या खेळात आहे. आइसलंडमधल्या सीसीपी या कंपनीने हा खेळ मे २००३ मध्ये सुरू केला. त्याचं वैशिष्ट्य असं, की चीनचा अपवाद सोडला तर जगभरातले सगळे खेळाडू एकाच विश्वात खेळतात. तिथली जहाजं खेळाडूच बांधतात, खेळाडूच विकतात आणि खेळाडूच फोडतात. फुटलेलं जहाज परत मिळत नाही.

त्या विश्वात मुलूख ताब्यात ठेवायचा तर ठरावीक मुदतीने खेळातल्या चलनात सारा भरावा लागे. बी-आर-५-आर-बी हा पँडेमिक लीजन आणि एन-थ्री या पक्षाचा मोक्याचा तळ होता. त्या दिवशी तिथला हप्ता भरला गेला नाही. हप्ता चुकला तसा मुलूख बेवारस झाला, आणि सीएफसी व रशियन खेळाडूंच्या युतीने ती संधी साधली. तळ गमावला तर तिथली सगळी सामग्री अडकणार, म्हणून दुसरा पक्षही सगळ्या ताकदीनिशी उतरला. गर्दी एवढी झाली की सर्व्हरला भार पेलवेना, तेव्हा खेळातला काळच मुद्दाम दहापट मंद केला गेला. एक हुकूम दिला की त्याचा परिणाम दिसायला काही मिनिटं लागत. माणसं कामावरून घरी येऊन लढाईत उतरली, काही झोपून उठून पुन्हा उतरली.

शेवटी ७५ टायटन जहाजं नष्ट झाली. टायटन म्हणजे त्या खेळातलं सर्वांत मोठं जहाज; एकेक बांधायला अनेकांची महिनोन्‌महिन्यांची मेहनत लागते. त्यांतली ५९ एकाच बाजूची होती. खेळातलं चलन खऱ्या पैशाने घेता येतं त्या हिशेबाने एकंदर नुकसान सुमारे ३ लाख डॉलरचं मोजलं गेलं. कंपनीने तिथे त्या जहाजांचे भग्नावशेष कायमचे ठेवून दिले. तेच ते स्मारक.

लष्करी माणसाला या लढाईत सगळ्यात आधी काय दिसतं? ही लढाई शौर्यावर सुरू झाली नाही, कोठारावर आणि हिशेबाच्या वहीवर सुरू झाली. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर आपलं सैन्य बाहेर पडलं तेव्हा त्याची रसद आधीच तुटली होती, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. दोन्ही घटनांची बरोबरी मी करत नाही. तिथे खरी माणसं उपाशीपोटी लढली आणि मेली. पण ‘पानिपत झालं’ हा शब्दप्रयोग आज आपण निवडणुकीपासून क्रिकेटपर्यंत कुठेही वापरतो. म्हणजे हार ही गोष्ट किती जीव गेले एवढ्यावरच मोजली जात नाही, हे आपल्या भाषेला केव्हाच कळलेलं आहे.

आता आजचे दोन प्रश्न. ज्या खेळात कुणी हल्ला करायला लावत नाही, तिथे माणूस दुसऱ्यावर हल्ला का करतो? आणि जे जहाज खरं नाही, ते बुडालं तर पोटात का तुटतं?

सुरुवातीपासून बघू. १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रुबशॉ या विद्यार्थ्याने एक खेळ लिहायला घेतला, पुढे रिचर्ड बार्टल याने तो वाढवला. त्याचं नाव मड. त्यात चित्रं नव्हती, नुसता मजकूर होता. ‘तुम्ही जंगलात आहात, उत्तरेला वाट आहे,’ अशा थाटाचा. मात्र एकाच वेळी अनेक जण त्या जंगलात वावरू शकत. आणि अनेक जण एकत्र आले म्हणजे कुणीतरी कुणावर तरी तलवार उपसणारच. त्या खेळात दुसऱ्याशी लढताना मेलात तर तुमचं पात्र कायमचं पुसलं जाई. महिन्यांची कमाई एका क्षणात शून्य.

बार्टलने पुढे १९९६ मध्ये एक लेख लिहिला आणि खेळाडूंचे चार प्रकार सांगितले. काहींना वर चढायचं असतं, काहींना ते जग धुंडाळायचं असतं, काहींना गप्पा आणि माणसं हवी असतात, आणि काहींना दुसऱ्यावर सत्ता गाजवायची असते. या चौथ्या प्रकाराला त्याने ‘मारेकरी’ म्हटलं. त्याचं निरीक्षण असं, की समोरच्याला जितका जास्त त्रास, तितकं या माणसाला समाधान जास्त. खेळात चालणाऱ्या यंत्राच्या राक्षसाला मारून त्याचं मन भरत नाही, कारण राक्षस चिडत नाही.

सप्टेंबर १९९७ मध्ये ‘अल्टिमा ऑनलाइन’ आला. रिचर्ड गॅरियट हा त्याचा कर्ता. खेळात तो ‘लॉर्ड ब्रिटिश’ या राजाच्या रूपात वावरे. खेळ बाजारात येण्याआधी, ऑगस्टमध्ये, चाचणीच्या दिवसांत हा राजा प्रजेसमोर भाषणाला उभा होता. सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला होता आणि राजाने आपलं अभेद्य कवच परत चढवायचं राहून गेलं होतं. गर्दीतल्या ‘रेन्झ’ नावाच्या खेळाडूने आगीचा मंत्र टाकला आणि राजा मेला! ऑनलाइन खेळांच्या इतिहासातली ही सगळ्यात प्रसिद्ध हत्या. त्या खेळाडूचं राजाशी वैर नव्हतं, गादीवर त्याला बसायचं नव्हतं. जमतं का, एवढंच त्याला बघायचं होतं.

पुढे त्या जगात खुनांचा सुळसुळाट झाला. कर्त्यांनी कल्पना केली होती की समाज आपोआप न्यायव्यवस्था उभी करेल. घडलं असं, की शहराच्या वेशीबाहेर टोळ्या दबा धरून बसू लागल्या आणि नवखा लाकूडतोड्या खाणीपर्यंतही पोचेना. खुन्यांची नावं लाल रंगात दाखवायचे नियम झाले, नावलौकिक मोजायच्या पद्धती आल्या, पण लुटारूंनी प्रत्येक नियमातली फट शोधली. शेवटी २००० साली कंपनीने जगाचे दोन भाग केले. एका भागात जुनेच नियम. दुसऱ्या भागात, संमतीशिवाय कुणी कुणावर हल्ला करू शकणार नाही. बहुसंख्य लोक सुरक्षित भागात निघून गेले. जुना भाग ओस पडत गेला, आणि लुटारूंची पंचाईत अशी की लुटायला मेंढरंच उरली नाहीत. जुने खेळाडू आजही त्यावर वाद घालतात. काही म्हणतात, जग वाचलं. काही म्हणतात, भीती गेली तशी गंमतही गेली. मला दोन्ही बाजूंत तथ्य वाटतं.

आता हल्ल्याच्या कारणांकडे येऊ. ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीज स्वतः सेनानी होता. त्याच्या ग्रंथात अथेन्सचे दूत स्पार्टात उभे राहून आपल्या साम्राज्यामागची तीन कारणं सांगतात : भय, मान आणि लाभ. अडीच हजार वर्षांत या यादीत फारशी भर पडलेली नाही. खेळांनाही ती लागू पडते.

भय आधी घेऊ. जंगलात तुम्हाला अनोळखी माणूस दिसला. तो मित्र की शत्रू, ठाऊक नाही. त्यालाही तुमच्याबद्दल ठाऊक नाही. जो आधी वार करेल त्याचा फायदा, हेही दोघांना माहीत आहे. मग दोन सज्जन माणसंसुद्धा तलवारी उपसतात. सीमेवरच्या दोन चौक्यांमधला ताण ज्याने पाहिला आहे त्याला हे समजावून सांगायची गरज नाही. दोष माणसात असेलच असं नाही, पुष्कळदा तो परिस्थितीच्या मांडणीत असतो. ज्या खेळात पहिल्या वाराला फार मोल असतं, तिथे खून जास्त होतात.

लाभ म्हणजे सरळ लूट. ‘ईव्ह’मध्ये जीटा नावाची एक मोठी बाजारपेठ आहे. त्या इलाख्यात पोलीस आहेत. हल्ला केला की ते हल्लेखोराचं जहाज हमखास फोडतात. पण पोलीस शिक्षा करतात, बळी वाचवत नाहीत. लुटारूंनी गणित मांडलं. आपली दहा स्वस्त जहाजं पोलिसांच्या हाती जाऊ द्यायची, आणि तेवढ्या वेळात एखादं मालाने गच्च भरलेलं जहाज फोडायचं. साथीदार मागून येऊन माल उचलणार. मालाची किंमत दहा जहाजांहून जास्त भरली की धंदा फायद्यात! शिक्षा निश्चित असली तरी ती परवडत असेल तर गुन्हा थांबत नाही, हा धडा खेळापुरता नाही.

मानाचं कारण सगळ्यात खोल. ‘ईव्ह’मध्ये प्रत्येक जहाज फुटलं की त्याची नोंद होते : कुणाचं जहाज, कुणी फोडलं, किती किमतीचं, आत काय होतं. या नोंदी सगळ्यांना बघता येतात. म्हणजे विजय गाजवता येतो आणि हार लपवता येत नाही. गावकीत राहिलेल्या माणसाला ठाऊक असतं, की नुकसान सोसता येतं, चारचौघांतली शोभा सोसत नाही.

या तिघांत मी चौथं कारण घालीन : तोंड न दिसणं. मानसशास्त्रज्ञ जॉन सूलर याने २००४ मध्ये यावर लिहिलं. नाव खोटं, चेहरा दिसत नाही, समोरच्याच्या डोळ्यांतलं पाणी दिसत नाही. मग एरवी आवरलेला हात सुटतो. तोफखान्यातल्या लोकांना हे वेगळ्या रीतीने माहीत असतं. वीस किलोमीटरवर गोळा टाकणं आणि समोरच्याच्या छातीत संगीन खुपसणं, दोन्हींचा परिणाम एकच. मनावरचं ओझं मात्र सारखं नसतं.

आता दुसरा प्रश्न, हार का झोंबते.

डॅनियल काह्‌नेमान आणि अमोस त्वेर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेला सिद्धांत प्रसिद्ध आहे. शंभर रुपये मिळाल्याचा आनंद आणि शंभर रुपये गेल्याचं दुःख ही समान नसतात. त्यांच्या पुढच्या मोजणीत दुःखाचं पारडं दुपटीहून थोडं जड निघालं. म्हणून एकाने लुटलं आणि दुसरा लुटला गेला, तर त्या जगातल्या सुखदुःखाची बेरीज शून्य होत नाही, तोट्यात जाते. ‘अल्टिमा’मधले लोक सुरक्षित भागात का पळाले, त्याचं निम्मं उत्तर इथे आहे.

पण खेळातलं नुकसान म्हणजे नक्की कशाचं? जहाज खरं नाही, हे बरोबर. ते मिळवायला घातलेले तास मात्र खरे होते. रात्रीची झोप खरी होती. तीन मित्रांनी मिळून जमवलेली सामग्री ही त्या तिघांच्या मैत्रीची खूण होती. लष्करी सरावात पांढरी पट्टी बांधलेला पंच येऊन सांगतो, ‘तुमची तुकडी गारद.’ कुणाला गोळी लागलेली नसते. तरी जवान गप्प होतात, सुभेदार साहेब पागोट्याशी चाळा करत उभे राहतात, संध्याकाळचा चहा कडू लागतो. आपली हार खोटी आहे, असं त्यांच्यापैकी एकालाही वाटत नाही.

आणि सगळ्यात जास्त लागतो तो विश्वासघात. २००५ मध्ये ‘ईव्ह’मधल्या गायडिंग हँड सोशल क्लब नावाच्या टोळीने पैसे घेऊन एक कामगिरी उचलली. त्यांची माणसं शत्रूच्या संघटनेत शिरली, वर्षाच्या आसपास तिथे राबली, वर चढली, विश्वासू झाली. मग एका ठरलेल्या क्षणी त्यांनी प्रमुखाचं जहाज फोडलं आणि सगळी कोठारं रिकामी केली. खऱ्या पैशात हे नुकसान १६,५०० डॉलरच्या घरात मोजलं गेलं. कंपनीने हस्तक्षेप केला नाही. खेळाच्या नियमांत हे बसत होतं. फितुरी हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. उघड्या मैदानात हरलेला किल्ला आणि आतून दरवाजा उघडून गेलेला किल्ला, यांची दुःखं वेगळी असतात. पहिल्यात सामग्री जाते. दुसऱ्यात, आपण माणूस ओळखू शकतो हा भरवसा जातो.

मग ही माणसं पुन्हा पुन्हा खेळतात कशी? इथे एक जुनी गोष्ट उपयोगी पडते.

मराठी घोडदळात शिलेदार आणि बारगीर असे दोन प्रकार होते. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येई. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदाराचा घोडा पडला तर त्याची पुंजीच बुडाली. घाव घालताना तो आधी घोड्याचा विचार करणार, हे ओघानेच आलं. शिवाजी महाराजांनी पागेवर भर दिला त्यामागे हेही एक शहाणपण होतं. पुढे इंग्रजांनी शिलेदारीचीच पद्धत आपल्या हिंदी रिसाल्यांत चालवली; पूना हॉर्स त्याच परंपरेतली. तिथे स्वार दरमहा वर्गणी भरत आणि मेलेल्या घोड्याची भरपाई त्या निधीतून होई. या निधीला ‘चंदा’च म्हणत. पहिल्या महायुद्धातल्या हानीपुढे ही व्यवस्था टिकली नाही आणि युद्धानंतर ती बंद झाली.

‘ईव्ह’मधल्या मोठ्या युतींनी हाच चंदा नव्याने शोधून काढला. त्यांच्या ताब्यातल्या चंद्रांवरची खनिजं विकून आलेल्या पैशातून, हुकमावरून लढताना फुटलेल्या जहाजाची भरपाई खेळाडूला मिळते. याचा परिणाम काय? नवखा पोरगाही बिनधास्त पुढे घुसतो, कारण त्याला ठाऊक आहे की आपण पडलो तर मागे कुणीतरी आहे. एकट्याची हार चिरडून टाकते. वाटून घेतलेल्या हारीची आठवण होते, तिचे किस्से होतात. अशा युतींमधले लोक बी-आर-५-आर-बीबद्दल आज हसून बोलू शकतात, त्याचं मोठं कारण हे आहे.

आपल्या देशात ‘ईव्ह’ फार थोडे खेळतात. आपल्याकडे घरोघरी पोचला तो पबजी मोबाइल. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली, पुढच्या वर्षी जुलैमध्ये त्याचाच भारतीय अवतार बीजीएमआय आला. त्यातलं गणित पाहा. शंभर जण उतरतात. एकटे खेळत असाल तर एक जिंकतो आणि नव्याण्णव हरतात. म्हणजे हार हीच तिथली रोजची भाकरी आहे. नुकसान अर्ध्या तासाचंच असतं, म्हणून पोरं लगेच पुन्हा उतरतात. पण दिवसाला अशा दहा हारी पचवायच्या असतात, आणि कानात मित्रांचे शिव्याशाप चालू असतात.

अशा वेळी घरातली मोठी माणसं म्हणतात, ‘खेळच तर आहे, त्यात रडण्यासारखं काय?’ इंदूर असो, बडोदे असो की बेंगळुरू, मराठी घरातला हा संवाद सारखाच. माझं मत स्पष्ट आहे : हे वाक्य बोलू नये. ते खरंही नाही आणि उपयोगाचंही नाही. कुठल्याही चांगल्या पलटणीत हरलेल्या तुकडीला असं कुणी म्हणत नाही. तिला एकत्र बसवतात आणि विचारतात : काय ठरलं होतं, काय घडलं, फरक का पडला? आवाज न चढवता. या प्रश्नांत दुःखाची दखलही असते आणि ते दुःख कामाला लावायची वाटही असते. मुलालाही हेच विचारता येईल. तो उत्तर देईल, आणि तुमच्या अपेक्षेपेक्षा चांगलं देईल.

आणखी एक प्रश्न मात्र विचारायला विसरू नका, आणि तो जिंकलेल्या दिवशी विचारा. ‘समोर कोण होतं?’ आपलं मूल हल्ला भयापोटी करतं, मानापोटी करतं, की दुसऱ्याला रडवण्यात त्याला मजा येते, हे या एका प्रश्नातून कळतं. पहिल्या दोन गोष्टी वयाबरोबर आटोक्यात येतात. तिसऱ्या गोष्टीकडे घराने लक्ष द्यायला हवं.

समोर माणूस आहे याची जाणीव या खेळांत हरवतेच असं नाही. ११ सप्टेंबर २०१२ ला लिबियातल्या बेनगाझी इथे अमेरिकी वकिलातीच्या ठाण्यावर हल्ला झाला. त्यात मारल्या गेलेल्यांत शॉन स्मिथ हा अधिकारी होता. ‘ईव्ह’मध्ये तो ‘व्हाइल रॅट’ या नावाने ओळखला जाई आणि आपल्या पक्षाचा तो मुरब्बी वकील होता. तहाच्या वाटाघाटी तो करी. बातमी कळली आणि त्या विश्वातल्या शेकडो तळांची नावं बदलली गेली. प्रत्येकावर त्याची आठवण. यांत त्याच्या शत्रूंच्या मुलखातले तळही होते, ज्यांची जहाजं त्याच्या पक्षाने फोडली होती. त्याच्या कुटुंबासाठी खेळाडूंनी खरे पैसे जमवले.

वर्षानुवर्षं एकमेकांवर तुटून पडलेल्या माणसांना, त्या पडद्यामागे कोण बसलं होतं, हे नेमकं ठाऊक होतं. शत्रूचा मान राखून लढणारे सैनिक मी पाहिले आहेत. ती शिस्त नुसत्या कवायतीने येत नाही. समोरचा माणूस आहे हे आधी कुणीतरी शिकवावं लागतं. बराकीत ते उस्ताद शिकवतो. घरात ते आपल्याला शिकवायचं आहे.

आजच्यापुरतं इतकंच. पुढच्या भागात भेटू. जय हिंद.